फाटकाची वही : ढेपेशिवाय हेले वाढवण्याच्या नोंदी

१९ जून २०२४
परवा बकरी ईद झाली. बाजार उतरला, म्हणून आजच हेले, म्हणजे रेडे, घेतले. सहा नग, दीड-दोन वर्षांचे, नागपुरी वळणाचे. लांब शिंगं मागे खांद्यापर्यंत गेलेली, चेहरा लांबट. उन्हाळ्याने बरगड्या दिसताहेत. मुद्दाम असेच निवडले, कारण खाली येईलच. राज्यात १ जूनपासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री किंवा वाहतूक करता येत नाही. दोघांना बिल्ले नव्हते. ते मारून घेतले, नोंद झाल्याची खात्री केली, मगच पिकअप नागपूर जिल्ह्यातल्या कुहीच्या दिशेने हलवली.

हेलेच का, हे एकदा लिहून ठेवतो. महाराष्ट्रात गाय आधीपासूनच आणि गोऱ्हा, बैल हे २०१५ पासून कत्तलीसाठी बंद आहेत. म्हैसवर्ग पशुवैद्यकाच्या दाखल्यावर, परवाना असलेल्या कत्तलखान्यात चालतो. म्हणजे चाऱ्यावर वाढवलेलं मोठ्याचं मटण इथे करायचं तर ते हेल्याचंच. दुसरं कारण गोठ्यातलं. म्हशीला नर पारडू झालं की त्याचं दूध तोडतात. बरीचशी पारडी तिथेच संपतात. जी तगतात त्यांना वाली नसतो.

मी निवृत्त होईपर्यंत औष्णिक वीजकेंद्रात कोळसा हाताळणीवर होतो. कोराडी, खापरखेडा, मौदा ही केंद्रं आणि उमरेड-सावनेरच्या खाणी उशाशी असल्यामुळे नागपूरकराला वीज कमी पडेल असं वाटतच नाही. पण रेल्वेचा रॅक अडकला की साठा टनांत नाही, दिवसांत मोजला जातो. त्या हिशेबाची सवय लागलेला माणूस शेतीतही तेच विचारतो: डिझेल, वीज, युरिया अडला तर माझ्या वावरातून मांस निघेल का, आणि किती?

नियम एकच. फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू वहीत उतरवायची. ढेप (पेंड) नाही, सुग्रास (तयार पशुखाद्य) नाही, मक्याचा भरडा नाही. मीठ, खनिज मिश्रण आणि लस यांना सूट.

२७ जून
घटसर्प आणि फऱ्याची लस झाली. म्हैसवर्गात घटसर्प झाला तर बरेचदा डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळत नाही, त्यामुळे यात काटकसर नाही. लस बर्फाच्या पेटीतून आली. म्हणजे वीज आलीच, पण त्यावर वाद घालणार नाही.

मापं घेतली. काटा नाही, फीत आहे. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले शरीराची लांबी इंचात, भागिले ६६०, उत्तर किलोत. सरासरी घेर ५६, लांबी ४३, म्हणजे सुमारे २०४ किलो. आकडा थोडा मागेपुढे असेल, पण फीत तीच, हात तोच, वेळ सकाळची पाणी पाजण्याआधीची. म्हणून फरकावर भरवसा ठेवता येतो.

गुरं राखणारे गायकी मामा फीत धरून उभे होते. म्हणाले, "ह्याले ढेप नाई, चुरी नाई, मंग अंगावर मास येईन कसं जी?" म्हटलं, पोळ्यापर्यंत थांबा.

२१ जुलै
पाऊस आणि चिखल. गवत हिरवं आहे पण त्यात पाणीच जास्त. शेण पातळ. जंताचं औषध दिलं. वजन जवळजवळ जागेवर. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात हिरवळ बघून खूश होणाऱ्याने एकदा ते गवत वाळवून तोलावं.

१८ ऑगस्ट
आता फरक दिसतो. पाठ भरली, कातडीला चमक आली. उन्हाळ्यात अर्धपोटी राहिलेलं जनावर चांगला चारा मिळाला की नेहमीपेक्षा झपाट्याने अंग धरतं. बरगड्या दिसणारे घेतले ते यासाठी. धष्टपुष्ट हेला जूनमध्ये घेतला असता तर पैसेही जास्त गेले असते आणि ही वाढही मिळाली नसती.

चराई अशी: सकाळी झुडपी जंगल, दुपारी मामा (माजी मालगुजारी) तलावात डुंबणं, संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर (बांधावर). डुंबणं ही चैन नाही. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, काळी कातडी ऊन ओढते. पाणी नसेल तर ती चरणं सोडून सावली धरते आणि दिवस वाया जातो. मालगुजारांनी खोदलेला तलाव आहे म्हणून पंखे आणि फवारे लागत नाहीत.

३ सप्टेंबर
काल पोळा, आज मारबत. शहरात जाऊन आलो. मिरवणुकीतल्या बडग्यांमध्ये (पुतळ्यांमध्ये) महागाईचा बडग्या याही वर्षी होताच. इडा-पीडेबरोबर सिलिंडर आणि पेट्रोललाही गावाबाहेर घालवायची रीत या शहराने आपली आपण काढली आहे.

परत येताना शेजारच्या भाऊसाहेबांनी गाठलं. त्यांच्याकडे दहा म्हशी आणि अर्धा एकर नेपियर गवत. "लाव की रे बाबा ठोंबं, मी देतो. गवतामागे फिरून काय मिळते?" त्यांचं नेपियर खरंच बघण्यासारखं आहे. पण ते मागतं काय? प्रत्येक कापणीनंतर युरिया आणि पाऊस नसेल तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत पडते, त्यामुळे तिच्यात काय भरलं आहे ते जाणवत नाही. नैसर्गिक वायूपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. कारखान्यात एका टनामागे साडेपाच-सहा गिगाकॅलरी ऊर्जा लागते. गोणीवर आणलं तर ती २८-३० लिटर डिझेलइतकी होते. आपल्याकडे वायूही बराचसा जहाजाने येतो.

भाऊसाहेब म्हणाले, "मिळते तोवर वापरायचं, उद्याचं उद्या." त्यांच्या म्हशी रोज दूध देतात, त्यांना रोजची सोय हवी. त्यांच्या जागी मीही नेपियरच लावलं असतं. हेल्याला मात्र रोज काही द्यायचं नसतं. तो थांबू शकतो.

पोळ्यापर्यंत थांबा म्हटलं होतं, पण मामांनी तो विषय काढलाच नाही. वेगळाच प्रश्न काढला. "तुमी म्हणता डिझेल संपन. मंग हेला कापाले काऊन वाढवता? जुपाले वाढवा ना. आमच्या बापाच्या वक्ती धानाची चिखलणी हेलेच करत." मी गप्प बसलो. हा प्रश्न वहीत ठेवतो.

२२ सप्टेंबर
आजची नोंद लांब होणार, कारण सगळा खेळ या महिन्यात आहे.

टेकाडावरचं गवत तीन जातींचं: पवन्या, मारवेल, कुसळी. कुसळीला एकदा कुसळं आली की ती तोंडात, डोळ्यात, कातडीत रुततात, ढोरं तिकडे फिरकत नाहीत. म्हणून तो पट्टा आधी चारून घेतला. मारवेल मऊ, ते शेवटी ठेवलं.

एक मीटर चौरसाची लाकडी चौकट केली, वेगवेगळ्या जागी टाकली, आतलं गवत कापून वाळवून तोललं. सरासरी १८० ग्रॅम. म्हणजे हेक्टरी १.८ टन वाळलेलं. यातलं निम्मंच घ्यायचं. निम्मं मुळांना आणि पुढच्या पावसाला ठेवायचं, नाहीतर दोन वर्षांत तिथे तरोट्याचं तण माजतं. हाती उरलं हेक्टरी ९०० किलो. अडीचशे किलोच्या हेल्याला वजनाच्या अडीच टक्के धरून दिवसाला सव्वासहा किलो कोरडा चारा, वर्षाला साधारण सव्वादोन टन. नुसत्या गवतावर वर्षभर एक हेला पाळायला अडीच हेक्टर लागतात. एवढी जमीन कुणाकडे आहे? या हिशेबाने तालुक्याला मटण पुरवता येणार नाही, आणि तसा दावा कुणी केला तर त्याच्या हातात चौकट द्यावी.

हिशेब बसतो तो दोनच गोष्टींनी. एक, हेले वर्षभर ठेवायचे नाहीत. जूनच्या शेवटी आणायचे, पुस-माघात काढायचे. दोन, पिकाचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा.

आणि वाळवण. इथे गवत कापतात ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, धान निघाल्यावर, मजूर मोकळे झाले की. तोवर ते पिवळं पडलेलं असतं. फुलोऱ्यात असताना या गवतात सात-आठ टक्के प्रथिनं असतात. बी झडल्यावर तीनच्या आसपास. सातच्या खाली गेलं की पोटातल्या जिवाणूंना नत्र पुरत नाही, चारा पचायला वेळ लागतो आणि पोट भरलेलं असूनही जनावर खंगतं. मग त्याला ढेप लागते. म्हणजे ढेपेचा अर्धा खर्च उशिरा कापण्याचा दंड आहे. आम्ही आजपासून विळ्याने कापायला घेतलं. पाऊस मध्येच टपकतो, गवत काळं पडायची भीती आहे, म्हणून तिकाट्यांवर टांगून वाळवतोय, जमिनीवर नाही. मजुरी जास्त गेली. वहीत डिझेलच्या रकान्यात शून्य.

२८ ऑक्टोबर
सोयाबीन निघालं. ज्यांनी थ्रेशर लावला त्यांच्याकडे कुटाराचे ढीग. ज्यांनी हार्वेस्टर लावला त्यांचं कुटार वावरभर विखुरलं. गोळा करायला परवडत नाही, मग काडी लावतात. एकाच गावात एकाच पिकाचा चारा असतो किंवा नसतो, ते कापणी कशाने केली त्यावर. तीन ढीग घेतले, दोन बैलबंडीने आणि एक ट्रॅक्टरने. ट्रॅक्टरचं डिझेल वहीत.

सोयाबीनचं कुटार जाडंभरडं, फारसं सत्त्व नाही. तुरीचं बरं, हरभऱ्याचं त्याहून बरं, पण ती पुढच्या महिन्यांतली. तोवर सुबाभळीचा पाला मिसळतोय, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. जास्त दिला तर त्यातलं मिमोसिन बाधतं, केस झडतात.

२० नोव्हेंबर
विधानसभेचं मतदान. मामा सकाळीच रांगेत, हेले माझ्याकडे. दुपारी एक हेला हरवला, तो दुसऱ्याच्या तुरीत सापडला. शेंगा धरल्या आहेत. भरपाई दिली, भांडण मिटलं.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला वाघाचे पगमार्क दिसल्याचं गावात बोललं जातंय. या आठवड्यात त्या अंगाला चराई बंद, आणि साडेपाचच्या आत ढोरं आखरावर (गुरं गोळा करायच्या जागी).

२९ डिसेंबर
शेवटची मापं. घेर ६२, लांबी ४८, सरासरी २८० किलो. सहा महिन्यांत ७५ किलोची वाढ, दिवसाला चारशे ग्रॅमच्या थोडी वर. खुराकावर याहून जास्त होते, हे मान्य. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाढ सगळ्यात जोरात होती, डिसेंबरमध्ये पुन्हा मंदावली. म्हणजे विकायची वेळ हीच. आता एक महिना थांबलो तर चारा जाईल आणि वजन जागेवर राहील.

व्यापारी आला. नजरेने भाव करतो, शेपटीच्या बुडाशी आणि शेवटच्या बरगडीवर हात दाबून चरबी बघतो. मी फितीचा आकडा पुढे केला तर हसला, पण बोली वाढवली. परदेशात गवतावरच्या गाईगुरांची चरबी पिवळसर असते, त्यावरून गिऱ्हाईक ओळखतं म्हणे. म्हशीची चरबी काही खाल्लं तरी पांढरीच, कारण तिच्या शरीरात कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ होऊन जातं. त्यामुळे 'गवतावरचा' म्हणून वेगळा भाव मागायला माझ्याकडे काही पुरावा नाही. त्याच्या लेखी हेला तो हेला.

चार दिले. अर्ध्याच्या आसपास मांस पडेल, म्हणजे नगामागे १३५-१४० किलो. ते पहाटे कापलं जाऊन सकाळीच शहरात विकलं जातं. निर्यातीचं मांस मात्र गोठवून, उणे १८ अंशांवर बंदरापर्यंत आणि पुढे जहाजात. ताजं घ्यायची आपली सवय कितीही जुनाट म्हणा, त्या साखळीत फ्रीजर नाही.

दोन ठेवले, मामांच्या प्रश्नासाठी. खच्ची करून घेतली, वेसण टोचली.

१६ फेब्रुवारी २०२५
वहीची बेरीज. हेल्यांची पिकअप, कुटाराचा ट्रॅक्टर, किरकोळ फेऱ्या मिळून डिझेल ४१ लिटर. बोअरवेलची वीज ७० युनिट. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कोळसा धरला तर ४९ किलो. एकूण वाढ साडेचारशे किलो. म्हणजे जिवंत वजनाच्या एका किलोला ९० मिलिलिटरच्या आसपास डिझेल आणि १०० ग्रॅमच्या वर थोडा कोळसा. सगळ्या हंगामाचं डिझेल दीड गोणी युरियातही भरत नाही. निम्म्याहून जास्त डिझेल एकट्या जूनच्या पिकअपचं. पुढच्या वेळी जवळच्या गावांतून, चालत आणता येतील असे घ्यायचे.

दुसरी बाजूही लिहायला हवी. हळू वाढणारं जनावर जास्त दिवस रवंथ करतं, म्हणजे किलोमागे मिथेनही जास्त. मजुरीचे दिवस जास्त, जमीन जास्त. मी कोळसा आणि तेल वाचवलं, ते माणसाच्या वेळेने आणि टेकाडाने भरून काढलं. हा सौदा सगळ्यांना परवडणारा नाही.

धानाची तणीस (पेंढा) युरियाची प्रक्रिया करून द्या, असा सल्ला मिळाला. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून झाकायचं, तीन आठवड्यांनी उघडायचं. पद्धत चांगली आहे, कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय. पण ४ किलो म्हणजे अडीच लिटर डिझेल. दोन जनावरांसाठी तुरीचं कुटार पुरतंय, सध्या नको.

६ मे
पारा ४३ च्या वर. मामा तलावात चिखल उरला. हेले गोसेखुर्दच्या बुडीत पट्ट्यात नेतो. पाणी मागे हटलं की ओल्या गाळावर हिरवं गवत येतं, कुणी न पेरता, कुणी पाणी न देता, नेमकं सगळीकडे करपलेलं असताना. फक्त आंभोऱ्याच्या अंगाला जायचं नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे तिकडेच उतरतं, पाण्यावर जलकुंभी पसरली आहे. पिण्याचं पाणी घरूनच पाजतो.

जोडीला लाकडाचा ओंडका ओढायची सवय लावतोय, पहाटे तासभर. एक शिकला. दुसरा बसून घेतो.

२३ मे
काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विदर्भातली झुडपी जंगलं वन म्हणूनच धरायची. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. महसूल नोंदींत 'झुडपी' म्हणजे जिथे शेती होत नाही आणि मोठं झाड येत नाही, म्हणजेच गावाच्या ढोरांची जागा. जमीन बिल्डरच्या घशात जाण्यापेक्षा वन राहिलेली बरी, असं मला वाटतं. पण चराईचं पुढे काय, कोणत्या अटींवर, हे वनरक्षकाला विचारलं तर तोही वरून कागद यायची वाट बघतोय. टेकाडाचा हिशेब यावर उभा आहे, म्हणून यंदा जनावरं कमी.

८ जून
काल बकरी ईद. तोच व्यापारी आठवडाभर फोन करत होता, "साहब, दो तो दे दो." भाव डिसेंबरपेक्षा कितीतरी वर. साहजिक आहे. मागणी उन्हाळ्याच्या टोकाला आणि गवताचा हेला तयार होतो हिवाळ्याच्या तोंडाशी. ईदला माल हवा तर मार्च ते मे ढेप खाऊ घालावी लागते, किंवा हिरवा चारा पंपावर पिकवावा लागतो. तेल आणि वीज खरी खर्च होते ती वजन वाढवायला नाही, तारीख गाठायला.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. २०३० ला एप्रिलच्या मध्यात, २०३३ ला मार्चमध्ये, डिसेंबरात यायला २०३९ उजाडेल. मामांना सांगितलं तर म्हणाले, "तवरीक आपुन ऱ्हातो का?"

२३ जून
इराण-इस्रायल भडकून दहा दिवस झाले. होर्मुझची सामुद्रधुनी बंद करायचा ठराव इराणच्या संसदेने काल केला. आपलं बरंचसं कच्चं तेल आणि कतारचा वायू त्याच वाटेने येतो. कृषी केंद्रावर आज युरियासाठी गर्दी, नेहमीपेक्षा जास्त की खरिपाची म्हणून, सांगता येत नाही. भाऊसाहेबांनी गोण्या भरून ठेवल्या.

जोडी पहिल्यांदा पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) बांधीत घातली. बसणारा हेला चिखलात बसला नाही, उलट त्याला चिखलच आवडला. बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात, ट्रॅक्टर पस्तीस-चाळीसचा. तुलना करायचं कारण नाही. पण अर्ध्या एकराच्या पऱ्ह्यांना चाळीस अश्वशक्ती लागत नाही. सकाळी सहा ते साडेआठ, मग सोडायचे, ऊन चढलं की हेला ओढत नाही.

मामांचं म्हणणं आता पक्कं झालंय: दर खेपेला दोन जुपाले, बाकीचे बाजारात. मला ते पटतंय. जुंपलेली जोडी सहा-सात वर्षं काम करेल आणि त्यानंतरही तिची किंमत उरेल.

नवे चारच घेणार. दोन चापेगडीकडचे, चालत आणता येतील. बिल्ल्याचे क्रमांक आधी मागवून घेणे. घटसर्पाची लस बुधवारी. फितीचे पहिले सहा इंच पुसट झालेत, नवी आणणे.